माणूस पारखावा कसा?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या निमित्ताने गुणवंतांचा सत्कार होतो आणि नोकरी कशी मिळवावी याचा त्यांस उपदेशही होतो. नोकरी मागणाऱ्याने कसे वागावे हे आजवर पुष्कळ सांगून झाले. नोकरी देणाऱ्याने कसे वागावे हे सहसा कोणी सांगत नाही. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा या पाचही तालुक्यांत आपल्या लोकांची अडत दुकाने, डाळमिली, औषधांची दुकाने, पतसंस्था व शाळा आहेत. तेथे दरवर्षी माणसे नेमली जातात. म्हणून हा विषय आपल्या घरचाच समजावा.

वसमतच्या बाजारात हळद घेताना व्यापारी शेतकऱ्याचे आडनाव विचारून भाव ठरवीत नाही. तो ढिगातली कांडी उचलतो, मोडून आवाज ऐकतो, आतला रंग व वाळवण पाहतो आणि मगच बोली लावतो. तोच व्यापारी दुकानासाठी मुनीम निवडावयास बसला म्हणजे मात्र पहिला प्रश्न येतो, "कोणाचा रे तू? गाव कोणते? मामा कोण?" ओळख निघाली की मुलाखत संपली! कांडीची जेवढी परीक्षा होते, तेवढीही माणसाची होत नाही.

ओळखीचा माणूस विश्वासाचा, असे यावर सांगण्यात येते. गल्ला ज्याच्या हाती द्यावयाचा त्याची खात्री हवी, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु ती खात्री त्याने पूर्वी जेथे काम केले तेथे, त्याला कल्पना देऊन, चौकशी केल्याने होते. मामाचे नाव हा चोख हिशेबाचा दाखला नव्हे.

या प्रश्नाचा विचार सर्वोच्च न्यायालयासही करावा लागला आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाचे ते प्रकरण होते. लेखी परीक्षेस १०० गुण आणि मुलाखतीस ५०. मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली आणि प्रश्न आईवडील व राहण्याचे ठिकाण यांविषयीच विचारले, अशी उमेदवारांची तक्रार होती. अजय हसिया खटल्याच्या १९८० सालच्या निकालात न्यायालयाने म्हटले की, अशा निवडीत मुलाखतीस एकूण गुणांच्या १५ टक्क्यांहून अधिक वाटा देणे मनमानीचे ठरेल. पुढे केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून आपल्या खालच्या श्रेणीच्या पदांसाठी मुलाखतच बंद केली.

खाजगी दुकानदारास किंवा संस्थाचालकास मुलाखत टाळता येणार नाही. ती नीट घेणे मात्र त्याच्या हाती आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अमेरिकन संशोधकांनी १९९८ साली ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. सर्वांना ठरावीक प्रश्न विचारून घेतलेली मुलाखत मोकळ्या गप्पांपेक्षा पुढील कामाचा अधिक चांगला अंदाज देते, असे त्यांस आढळले. प्रत्यक्ष काम करवून पाहण्याची पद्धतही त्यांस उपयुक्त दिसली. हे ध्यानी घेऊन आम्ही काही गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट, माणूस बोलावण्यापूर्वी काम कागदावर लिहावे: वेळ किती, पगार किती, जबाबदारी कोणती. दुसरी, पाच-सहा प्रश्न आधी ठरवून तेच सर्वांस, त्याच क्रमाने विचारावेत. तिसरी, काम करवून पाहावे. मुनिमापुढे एका दिवसाच्या पावत्या ठेवून त्या वहीत उतरवावयास सांगाव्यात; शिक्षकास वर्गात एक धडा शिकवू द्यावा. चौथी, शक्य असेल तेथे दोघांनी मिळून मुलाखत घ्यावी आणि एकमेकांशी बोलण्यापूर्वी आपापले गुण लिहावेत. नाहीतर वडीलधाऱ्याचे मत तेच सर्वांचे मत होऊन बसते. पाचवी, मुलींना "लग्न कधी करणार?" असे विचारू नये. नेमणुकीत स्त्रियांच्या बाबतीत भेदभाव करण्यास १९७६ च्या समान पारिश्रमिक कायद्याने मनाई केली आणि २०१९ च्या वेतन संहितेत ते तत्त्व कायम राहिले. सहावी, सेनगावच्या खेड्यातून भाडे खर्चून आलेल्या मुलास दिवसभर ओट्यावर तिष्ठत ठेवू नये आणि निवड झाली नाही तरी तसे कळवावे.

आता थोडे कटू बोलतो. २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. सारख्याच पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी कंपन्यांकडे धाडले असता दलित आडनावाच्या अर्जांस कमी बोलावणी आली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका व कॅथरिन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातील नेमणूक अधिकाऱ्यांशी बोलून दाखविले की, उमेदवाराची घरची पार्श्वभूमी विचारणे त्यांस अगदी योग्य वाटते. आपला मुलगा पुण्या-मुंबईस गेला आणि "वडील काय करतात?" या प्रश्नावर अडला, तर आपणांस संताप येतो. मग आपल्या पेढीवर आलेल्या परक्या मुलाला तोच प्रश्न आपण कोणत्या तोंडाने विचारावा?

"मग आपल्या मंडळाचा उपयोग काय?" असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की मंडळाने शिफारसपत्रे देणे थांबवावे आणि मुले तयार करावीत. रविवारी दोन तास संगणकावरील हिशेब शिकवावा, व्यवसायातील अनुभवी मंडळींनी सराव मुलाखती घ्याव्यात. औंढा परिसरातील लायगो या वैज्ञानिक प्रकल्पास केंद्राने २०२३ साली मंजुरी दिली. असल्या ठिकाणी कोणाचा मामा कोण, हे ठाऊक असणारा मनुष्य मुलाखतीस बसलेला नसेल. तेथे मुलाचे काम तेवढे बोलेल.

पुढील संमेलनापर्यंत प्रत्येक व्यावसायिक सभासदाने निदान एक नेमणूक या रीतीने करावी आणि आलेला अनुभव मंडळास कळवावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.