चिठ्ठी उघडण्याआधी नियम



आज एक खेळ सांगते. पुढच्या बैठकीत खेळून बघा. त्याला लागतात कागदाच्या १० चिठ्ठ्या आणि एक रिकामा डबा.

प्रत्येक चिठ्ठीवर एकेका बाईची परिस्थिती लिहा. एकीचं किराणा दुकान आहे. एक रोजंदारीवर जाते. एकीच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे. एक एकटी राहते, तिला जामीन राहायला कुणी नाही. एक दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाते, ती उन्हाळा लागल्यावर परतते. नाव मात्र कुणाचंच लिहू नका.

चिठ्ठ्या डब्यात टाका आणि त्या उघडण्याआधी गटाचे नियम ठरवा. अंतर्गत कर्ज आधी कुणाला? हप्ता चुकला तर दंड किती? तीन बैठका चुकल्या तर काय? सगळं वहीत उतरवा. मग प्रत्येकीनं एक चिठ्ठी उचलून मोठ्यानं वाचायची आणि सांगायचं, 'मी ही बाई असते, तर हे नियम मला चालले असते का?'

'तीन बैठका चुकल्या की कर्ज बंद' हा नियम ऐकायला शिस्तीचा वाटतो. पण ऊसतोडीची चिठ्ठी जिला येते, तिला कळतं की गरजेच्या वेळी गटाचं दार आपल्याला बंद आहे. शिस्त तर हवीच. मग नियमात एक ओळ वाढवू या: कामासाठी बाहेरगावी असलेलीनं फोन करून कळवावं आणि बचत शेजारणीच्या हाती पाठवावी.

या खेळामागचा विचार अमेरिकेतले तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांचा. ते हार्वर्ड विद्यापीठात शिकवत. न्यायावरचा त्यांचा ग्रंथ १९७१ साली प्रसिद्ध झाला. त्यांचं सांगणं असं, की समाजाचे नियम ठरवताना डोळ्यांसमोर पडदा आहे असं समजा. आपण श्रीमंत की गरीब, कुठल्या घरात जन्मलो, अंगात बळ किती, काहीच ठाऊक नाही. मग माणूस सगळ्यात खालच्या जागेचाही विचार करतो, कारण ती जागा आपल्याच वाट्याला येऊ शकते. सगळ्यांना अगदी सारखंच द्या, असं ते म्हणत नाहीत. फरक ठेवायचा तर त्यातून सगळ्यात मागे राहिलेल्यांचं जास्तीत जास्त भलं व्हावं, अशी त्यांची एक अट आहे.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. तिथं नळाच्या पाण्याची वेळ ठरवताना हाच प्रश्न विचारा: पाइपलाइनच्या टोकाच्या घराची चिठ्ठी मला आली तर?

खेळून बघा, आणि तुमच्या गटाचा कोणता नियम बदलला ते आम्हाला जरूर कळवा.