यानाचा माल कोण उतरवतो?

(चंदगड इथं तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

विषय ऐकून काहीजण हसले. हसा. मॅट्रिक झालेला, गोदीत बोजा ओढणारा वस्तीतला पोरगा आता अंतराळयानावर बोलणार! पण आभाळ अजून कुणाच्या नावावर सात-बाऱ्यावर चढलेलं नाही. आणि मी शास्त्रावर बोलणार नाही, ते माझं काम नव्हे. मी गोष्टीवर बोलणार आहे. गोष्ट कोण सांगतं, तिच्यात नाव कुणाला मिळतं आणि मरतं कोण, एवढंच. शिवाय जहाज हा माझ्या धंद्यातला विषय आहे. समुद्रावरचं असो नाहीतर आभाळातलं, जहाज दिसलं की मी आधी बघतो, ह्याचा माल कोण चढवतो आणि कोण उतरवतो.

'स्टार ट्रेक' ही अमेरिकेची मालिका. जीन रॉडनबेरी नावाच्या माणसानं काढली. १९६६ ते १९६९ अशी तीन वर्षं चालली, ७९ भाग झाले. ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शननं ती रविवारी सकाळी दाखवली. गल्लीत एक टीव्ही आणि दारात चपलांचा ढीग, त्या काळातली गोष्ट. माझ्या पिढीनं ती मोबाईलवर बघितली. मी रात्रपाळीच्या सुट्टीत, डबा खाता खाता बघितली. बघताना मजा आली. खोटं कशाला बोलू? पण दहा-बारा भाग झाल्यावर कळलं की गोष्ट दर खेपेला वेगळी असली तरी तिची रीत एकच आहे.

रीत हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. शहरातले समीक्षक तिला 'कथनाचे संकेत' म्हणतात. गावात आपण रीत म्हणतो. रीत कुणी काढली ते कुणालाच माहीत नसतं, पण सगळे पाळतात. मोडली की मग कळतं ती किती घट्ट होती. तर ह्या यानाच्या रीती एकेक करून बघू.

पहिली रीत. गोष्ट कॅप्टन सांगतो. भाग सुरू झाला की कॅप्टन कर्क आपल्या रोजनिशीत बोलतो : आज आम्ही अमुक ग्रहाजवळ आलो, तमुक संकट आहे. लेखकाच्या दृष्टीनं ही मोठी सोय. दोन वाक्यांत सगळा मागचा-पुढचा संदर्भ सांगून होतो. पण सोयीबरोबर एक गोष्ट ठरून जाते. यानावर जे घडलं ते कॅप्टनला जसं दिसलं तसं घडलं. ह्या 'एंटरप्राइझ' यानावर माणसं किती? सुमारे ४३०. आपल्याला लक्षात राहतात किती? कर्क, स्पॉक, डॉक्टर मॅकॉय, स्कॉटी, उहुरा, सुलू, चेकॉव्ह. सात. बाकीचे सव्वाचारशे त्या लांबच लांब बोळांतून नुसते इकडून तिकडं जातात. जेवण भिंतीतल्या खणातून आपोआप येतं. झाडू मारणारा कुणी दिसत नाही. संडास तर मला एकदाही दिसला नाही. म्हणजे भंगीकाम संपलं म्हणून दिसत नाही, की दाखवायची रीत नाही म्हणून दिसत नाही? हा प्रश्न पडला की मालिका बघायची मजा जात नाही, पण डोळा बदलतो.

दुसरी रीत जगप्रसिद्ध आहे. यानावर खात्याप्रमाणं सदऱ्याचा रंग. हुकूम देणारे पिवळ्यात, शास्त्रज्ञ निळ्यात, इंजिनवाले आणि पहारेकरी लालमध्ये. कॅप्टन अनोळखी ग्रहावर उतरतो तेव्हा सोबत स्पॉक असतो, डॉक्टर असतो आणि एक लाल सदरेवाला असतो, ज्याला आपण ह्याआधी कधी बघितलेलं नाही. तो मरतो. पहिल्या पाच-दहा मिनिटांत मरतो. कशासाठी? संकट खरं आहे हे बघणाऱ्याला पटावं म्हणून. कॅप्टनला मारता येत नाही, पुढच्या आठवड्यात तो लागणार आहे. मग मरायला कुणीतरी पाहिजे. डॉक्टर वाकून बघतो, मान हलवतो आणि गोष्ट पुढं सरकते. इंग्रजीत आता 'लाल सदरा' हा वाक्प्रचारच झालाय, फुकट मरणाऱ्या बिननावाच्या माणसासाठी.

पण नीट बघा. स्कॉटी लाल सदराच घालतो. उहुरापण लालच घालते. ते शेवटपर्यंत टिकतात. का? त्यांना नाव आहे. म्हणजे मारतो तो सदऱ्याचा रंग नव्हे, बिननावाचं असणं मारतं. वर्तमानपत्रात बातमी येते : 'मॅनहोलमध्ये गुदमरून तीन कामगारांचा मृत्यू.' ठेकेदाराचं नाव नाही, मेलेल्यांची नावं नाहीत, फक्त आकडा. ती बातमीसुद्धा ह्याच रीतीनं लिहिलेली असते. तीन लाल सदरे. वाचणारा पान उलटतो.

तिसरी रीत माझ्या धंद्यावरच येते. ह्या यानातून ग्रहावर कसं उतरतात? चकचकीत चकतीवर उभं राहायचं, अंगाचे कण कण होतात आणि माणूस खाली उभा. ही युक्ती का काढली? दर आठवड्याला यान जमिनीवर उतरताना दाखवणं खर्चात बसेना. पैसे वाचवायला काढलेली युक्ती, पण तिनं गोदीच पुसून टाकली. विंच नाही, स्लिंग नाही, टोळी नाही, फाळक्यात उतरणारा माणूस नाही. औषध न्यायचं आहे, खनिज आणायचं आहे, पण ओझं कुणाच्या पाठीवर येतच नाही. मी हे कुणाचा कट म्हणून सांगत नाही. कट नव्हताच. पैसा थोडा आणि वेळ पन्नास मिनिटं, एवढंच होतं. तेच तर मला सांगायचंय. रीतीला वाईट माणूस लागत नाही. चांगल्या माणसांच्या हातूनही ती आपलं काम करून घेते.

चौथी रीत. भाग संपला की यान निघून जातं. पन्नास मिनिटांत ग्रहाचा प्रश्न सुटतो, पुढच्या आठवड्यात तो ग्रह कुणालाच आठवत नाही. हे आपल्याला नवीन नाही. साहेब येतो, जीपमधून उतरतो, वस्तीत चहा पितो, फोटो निघतो, जीप जाते. आपला चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, मग कोल्हापूरला जोडला. नकाशा बदलला. गावकुसाबाहेरचं घर होतं तिथंच राहिलं. यान निघून गेल्यावर मागं जे उरतं, त्याची गोष्ट ती मालिका सांगत नाही. ती आपल्याला सांगायची आहे.

आता एक भाग जरा सविस्तर सांगतो. २८ फेब्रुवारी १९६९ ला अमेरिकेत दाखवलेला, 'द क्लाउड माइंडर्स'. अर्डाना नावाचा ग्रह. त्यावर ढगात तरंगणारं शहर, स्ट्रॅटोस. तिथं चित्रं, शिल्पं, संगीत, गोड बोलणारी माणसं. खाली जमिनीत खाणी, आणि खाणीत ट्रॉग्लाइट म्हणून हिणवलेली माणसं झेनाइट नावाचं खनिज काढतात. वर जायचं तर नोकर म्हणून. वरचे म्हणतात, ही माणसं जन्मानंच मंद आणि तापट, कला-ज्ञान ह्यांच्या डोक्यात शिरायचं नाही. ओळखीचं वाटतंय का? लिहिणारे अमेरिकन होते. आपल्या वस्तीत कधी आले नव्हते.

मग डॉक्टर शोध लावतो. झेनाइटमधून एक वायू निघतो, त्याला वास नाही. तो डोकं बधिर करतो, राग वाढवतो. जन्माचा दोष नाही, कामाच्या जागेचा आहे. वरचा मुख्य प्लॅसस हे मानायला तयार नाही. तेव्हा कॅप्टन त्याला उचलून खाणीत आणतो आणि दार बंद करतो. थोड्या वेळात तो सुसंस्कृत माणूस हातघाईवर येतो. स्वतः कॅप्टनही येतो. मला सगळ्या ७९ भागांत हे दृश्य सगळ्यात खरं वाटतं. अहवाल नाही, चर्चासत्र नाही. साहेबाला खाली आण आणि दार लाव.

पण शेवट काय? मास्क मिळतात, झेनाइट यानात चढतं, यान जातं. ढगातलं शहर ढगातच राहतं. मूळ कथा लिहिणाऱ्यांपैकी एक डेव्हिड जेरॉल्ड. त्याच्या मूळ कथेत हा वायू नव्हता. भांडण सरळ वरच्या आणि खालच्या माणसांचं होतं. वायू आणि मास्क नंतर घातले गेले आणि त्याला ते आवडलं नाही. त्याचं दुखणं मला कळतं. प्रश्न होता की वर कोण राहणार. उत्तर दिलं की नाकाला काय लावायचं.

तरी मी मास्कला हसणार नाही. का ते सांगतो. गोदीत लाकूड, कोळसा, भंगार भरलेला फाळका दिवसच्या दिवस बंद असतो. तो माल आतल्या हवेतला प्राणवायू खाऊन टाकतो. वास येत नाही, धूर दिसत नाही. पहिला माणूस शिडीवरून उतरतो आणि खाली पडतो. दुसरा त्याला काढायला उतरतो, तोही पडतो. गटारातही असंच. तिथला हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की वास घ्यायची शक्तीच मारतो. म्हणजे धोका वाढला की धोका कळायचा बंद होतो. हातानं मैला साफ करण्याविरुद्ध १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला दुसरा झाला. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ ला सांगितलं, २०२३ ला तीस लाख सांगितले. किंमत वाढली. माणूस अजून उतरतोच आहे. म्हणून मास्क पाहिजेच, आज पाहिजे. पण मास्क दिला म्हणून गोष्ट संपली असं लिहिणाऱ्याच्या हातातून पेन काढून घेतलं पाहिजे.

रीत मोडता येते का? येते. उहुराचं काम करणारी निशेल निकोल्स ही काळी नटी. पहिल्या वर्षानंतर ती मालिका सोडणार होती. मार्टिन ल्यूथर किंग यांनी तिला थांबवलं, असं तिनं पुढं अनेकदा सांगितलंय. किंगना कळलं होतं की ती मोलकरीण म्हणून उभी नाही, अधिकारी म्हणून बसलेली आहे. पुढं सत्तरच्या दशकात नासानं बायका आणि काळी माणसं भरतीला यावीत म्हणून तिलाच कामाला लावलं. १९९२ ला मे जेमिसन अंतराळात गेली, पहिली काळी स्त्री. लहानपणी उहुराला बघितलं होतं, हे ती स्वतः सांगते. टीव्हीवरच्या एका खुर्चीनं एवढं केलं.

आपल्याकडं १९९८ ला दूरदर्शनवर 'कॅप्टन व्योम' आला. केतन मेहतांची मालिका, मिलिंद सोमण नायक. बारा खतरनाक गुन्हेगार तुरुंगातून पळतात, कॅप्टन एकेकाला धरतो. आणि बीबीसीचं 'ब्लेक्स सेव्हन' बघा, १९७८ ते १९८१. तिथं नायकच कैदी. सरकारनं खोटे आरोप ठेवून काळ्या पाण्यावर पाठवलेला माणूस वाटेत यान पळवतो आणि सरकारशी भांडतो. पळालेल्याला कुणाच्या डोळ्यानं बघायचं, एवढाच फरक. ज्या देशात १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या आणि १९५२ ला कागदावर मोकळ्या केल्या, त्या देशात पळालेल्या कैद्याची गोष्ट पोलिसाच्या बाजूनं सांगताना क्षणभर थांबायला पाहिजे होतं.

आता मराठीचं. मराठी विज्ञानकथेचं मोठं नाव जयंत नारळीकर, जन्म १९३८, आपल्याच कोल्हापूरचा. २०२५ ला ते गेले. त्यांनी १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही पहिली कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' ह्या टोपणनावानं. आपल्या नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये म्हणून. चांगली गोष्ट. नाव बाजूला ठेवून कथेला पहिलं बक्षीस मिळालं. मी एवढंच म्हणतो की आपल्यातही आडनाव लपवणारे आहेत, मुंबईत खोली भाड्यानं घेताना. एकाला नाव जड झालं म्हणून लपवावं लागलं, दुसऱ्याला हलकं ठरवलंय म्हणून लपवावं लागतं. ही दुसरी गोष्ट मराठी विज्ञानकथेत अजून यायची आहे.

आणि एक नाव लपवू नका. रोहित वेमुला. हैदराबादच्या विद्यापीठातला संशोधक, जानेवारी २०१६ ला गेला. शेवटच्या पत्रात त्यानं लिहिलंय की त्याला लेखक व्हायचं होतं, विज्ञानाचा, कार्ल सेगनसारखा. त्याला आपण मोर्च्यात घेऊन फिरलो, ते बरोबरच. पण त्याला लिहायची होती ती पुस्तकं कोण लिहिणार? आभाळ बघायची हौस आपल्या पोरांना नसते असं ढगातल्या शहरातले म्हणतात. त्यांना त्याचं पत्र वाचायला द्या.

तेव्हा मित्रांनो, लिहा. दुःखाच्या कविता आपण लिहिल्या, अजून लिहू. पण पुढच्या दोनशे वर्षांची गोष्ट दुसऱ्यांवर सोडू नका. यान काढा. त्यात संडास काढा आणि तो कोण साफ करतं ते लिहा. माणूसच साफ करत असेल तर त्या यानाला पुढारलेलं म्हणू नका. कॅप्टनची रोजनिशी राहू द्या, पण तिच्याशेजारी टोळीचं हजेरीबुक ठेवा. त्यात चारशे तीस नावं लिहा, बापाच्या आणि आईच्या नावासकट. कुणी मरणार असेल तर मरू द्या, गोष्टीत मरण येतंच. पण तो मरायच्या आधी त्याला एकदा बोलू द्या. आणि ग्रहावरून यान निघालं की तुम्ही त्यात बसू नका. मागं थांबा. दुसऱ्या दिवशी सकाळी खाणीत कोण उतरलं ते बघा आणि तिथून पुढं लिहा.

लिहिलेलं ह्या अंकाकडं पाठवा. शुद्धलेखन आपण मागाहून बघू.