परमुलखातील घर आणि गहाणखत

श्रावणातल्या मंगळवारी नवविवाहित मुली ज्या मंगळागौरीची पूजा मांडतात, तिचे देवालय काशीत पंचगंगा घाटाच्या वरच्या बाजूस आहे. या मंगला गौरीच्या परिसरात, ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट या भागांतील अरुंद गल्ल्यांत, अठराव्या शतकापासून मराठी बिऱ्हाडे वसत गेली. पेशव्यांना गुरुस्थानी असलेल्या नारायण दीक्षित पाटणकरांनी दुर्गाघाटाची जमीन तेथील नावाड्यांकडून विकत घेतली, असे सांगतात. काशी त्या वेळी पेशव्यांच्या राज्यात नव्हती. तिच्यावर अयोध्येच्या नवाबाचा अंमल होता. १७७५ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. पुण्याच्या किंवा पैठणच्या गृहस्थाला काशीतले घर हे परमुलखातले घर होते.

असे घर घेणाऱ्यापुढे तीन प्रश्न उभे राहतात: पैसा न्यावा कसा, कमी पडल्यास कर्ज कोणाकडून काढावे, आणि कर्ज थकल्यास न्याय कोणत्या कायद्याने व्हावा?

पहिल्याचे उत्तर हुंडी हे होते. पुण्यात सावकाराकडे रक्कम भरावी आणि काशीत त्याच्या आडत्याकडून ती घ्यावी. परंतु दोन्हीकडची नाणी वेगळी असल्याने बट्टा पडे, हुंडणावळही द्यावी लागे. निघालेला रुपया तेवढाच पोचत नसे.

दुसरा प्रश्न अधिक कठीण होता. गावचा सावकार कर्जदाराचा बाप, त्याचे शेत आणि त्याचा शब्द ओळखतो. परमुलखात ओळख नसते. म्हणून घरच जामीन राहते. हेच गहाण होय. त्यात मोठा धोका गहाणलहाणाचा असे. मुदतीत रक्कम न फिटल्यास गहाणाचीच खरेदी व्हावी, अशी ही अट. उत्तरेत तिला बै-बिल-वफा म्हणत. चार दिवस उशीर झाला, की कर्जाहून कितीतरी अधिक किमतीचे घर सावकाराच्या पदरात पडे. कंपनी सरकारने १८०६ च्या नियमाने यास आळा घातला. सावकाराने न्यायालयाकडे अर्ज करावा आणि नोटीस पोचल्यावर कर्जदारास एक वर्षाची सवड मिळावी, असे त्यात ठरले.

पुढे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आला. कर्ज फेडून घर सोडवून घेण्याचा हक्क त्याने मान्य केला. काशीच्या प्रांताला तो आरंभीच लागू झाला, मुंबई इलाख्याला मात्र १८९३ मध्ये. मधली अकरा वर्षे गहाण एकच, पण कायदा प्रांतागणिक निराळा होता. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. स्थावर जेथे असेल, तेथील कायदा त्यास लागतो. मालक कोठला आहे, याने फरक पडत नाही.

आज मराठी कुटुंबे लंडनला, दुबईला, टोरांटोला घर घेऊ पाहतात. हुंडीची जागा बँकेने घेतली आहे. भारतात राहणाऱ्या व्यक्तीस एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. २००४ मध्ये ही मर्यादा पंचवीस हजार होती. जुना बट्टा मात्र विनिमयदराच्या रूपाने टिकून आहे. कर्ज एक लाख पौंडांचे असावे आणि मिळकत रुपयांत असावी. पौंड ८० रुपयांचा असता ते ८० लाखांचे ठरते, १०० रुपयांचा होताच एक कोटीचे. गृहस्थाने एक पैसाही अधिक उचललेला नसतो.

हा धोका कल्पनेतला नाही. पोलंडमधील हजारो कुटुंबांनी व्याज कमी म्हणून स्विस फ्रँकमध्ये घरकर्जे घेतली होती. जानेवारी २०१५ मध्ये स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने फ्रँकवरील मर्यादा उठवली आणि फ्रँक एका दिवसात महागला. पगार झ्लॉटीतच राहिला, कर्ज वाढले. अनेकांचे देणे घराच्या किमतीहूनही अधिक झाले.

म्हणून शहाण्या माणसाने व्याजाचा दर पाहण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. मिळकत ज्या नाण्यात, शक्यतो कर्जही त्याच नाण्यात असावे. आणि हप्ते थकल्यास सवड किती मिळते, हे त्या देशाच्या वकिलाकडून समजून घ्यावे. परक्या गावात मध्यस्थी करायला चुलता-मामा येत नाही. तेथे बोलतो तो सहीचा कागद. तो नीट वाचूनच वास्तुशांतीचा मुहूर्त काढावा.