राखणीची बंदूक : रायफल घ्यावी की ठासणी?
(जिल्हा बैठकीत मालवण तालुक्यातील एका शेतकऱ्याने केलेले भाषण)



"तुमच्या सिंधुदुर्गात घरोघरी बंदूक असते म्हणे. मग आम्हाला सांगा, रोह्यासाठी आणि डुकरासाठी कोणती घ्यावी? कारखान्याची बोल्टवाली रायफल घेतली तर कसे?" सकाळपासून निदान दहा जणांनी मला हे विचारले. तेव्हा आज दुसरे काही बोलत नाही, एवढ्यावरच बोलतो.

घरोघरी बंदूक असते हे काही खरे नाही. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका मात्र आमच्याकडे पुष्कळ आहेत. आमच्या जमिनी तुकड्यातुकड्यांच्या. खाली मळ्यात भात, वर भरडावर आंबा-काजू, आणि पाठीला लागून जंगल. डुक्कर एका रात्रीत भाताचा कोपरा लोळवून ठेवतो. नवा लावलेला माड उकरून त्याचा कोंब खातो. माकडे कोवळी शहाळी खाली टाकतात. दोडामार्गाकडे २००२ पासून कर्नाटकातून हत्ती येऊ लागले, ती तर वेगळीच कथा. त्यामुळे मांगरात राखणीला बसायचे आणि हाताशी बंदूक ठेवायची ही आमची जुनी रीत. बंदूक बापाकडून मुलाकडे येते, वारसाने परवाना बदलून घ्यावा लागतो, आणि ती कशी आहे यावर गावात चहाच्या दुकानात जेवढी चर्चा होते तेवढी बैलावरही होत नसेल. या मालकांची मते मी तुमच्यापुढे ठेवतो.

आधी रायफल. आपल्या देशात साध्या नागरिकाला मिळू शकणारी बोल्टची कारखानी रायफल म्हणजे मुख्यतः ३१५ बोअरची, बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याची. हा ३१५ आकडा कुठून आला, ते ऐकण्यासारखे आहे. इंग्रजांच्या फौजेची रायफल ३०३ होती. फौजेचे काडतूस रयतेच्या बंदुकीत बसू नये, म्हणून हिंदुस्थानात नागरिकांना वेगळ्या मापाची रायफल दिली. इंग्रज गेले, माप राहिले. ३०३ आजही बंदी असलेल्या बोअरमध्ये मोडते. ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड १ ऑक्टोबर २०२१ ला मोडून त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यातली दारूगोळ्याची कंपनी आपल्या पुण्यातच आहे. पण रायफलीची जात तीच राहिली.

आमच्याकडे ती कोणाकडे असलीच तर बहुधा फौजेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे. त्यांचे म्हणणे असे की बोल्टची रचना साधी आणि दणकट आहे, बिघडायला फारसे काही नाही, नेम सरळ जातो. खांद्याला धक्का चांगलाच बसतो, वजन जड आहे, काडतूस महाग आणि वेळेवर मिळेलच असे नाही. आता त्यांच्यातल्याच एकाला मी विचारले, "मग भाताच्या राखणीला हीच घेऊन बसता का?" तो हसला. म्हणाला, "राखणीला घरची जुनी एकनळीच. रायफल कपाटात."

का, ते सांगतो. रायफलीच्या नळीत पिळाच्या खाचा असतात. त्या गोळीला फिरवतात, म्हणून गोळी सरळ आणि लांब जाते. नेम चुकला किंवा गोळी जनावराच्या अंगातून आरपार गेली, तर दीड-दोन किलोमीटरपर्यंत तिचा काही भरवसा नाही. आमच्याकडे निदान चढ-उतार आहेत, गोळी कुठल्या तरी दरडीत रुतेल. तुमचा मुलूख सपाट. कापसाच्या पलीकडच्या वावरात कोण जागलीला बसला आहे, रस्त्याने कोण चालला आहे, मेंढपाळाचा तळ कुठे पडला आहे, हे रात्री बॅटरीच्या उजेडात दिसत नाही. उभी ज्वारी माणसापेक्षा उंच. ताटांमागे हालले ते डुक्कर की शेजारी, हे समजायच्या आत चाप ओढणारे लोक आमच्याकडेही झाले आहेत. जनावर समजून माणूस मारला गेल्याच्या बातम्या आम्ही वाचतो, आणि दोन्ही घरे उद्ध्वस्त झालेली पाहतो. तुमच्या जमिनीला रायफल हे हत्यार बसत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

कायद्यालाही ते बसत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे १३ वे कलम गावातल्या शिकलेल्या पोराकडून एकदा वाचून घ्या. शेतीसंरक्षणासाठी कायद्याने धरलेले हत्यार म्हणजे ठासणीची बंदूक. ठासणीने भागणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, तीही २० इंचांहून आखूड नळी नसलेली, तो देऊ शकतो. रायफल या वाटेत कुठेच येत नाही. तिच्यासाठी वेगळे सबळ कारण दाखवावे लागते, आणि "डुक्कर कापूस खातो" हे त्यात धरले जाईल या आशेवर राहू नका. शिकारीसाठी म्हणाल, तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात १९९१ साली दुरुस्ती झाली आणि परवाना काढून हौसेची शिकार करण्याचा मार्गच संपला. रायफलीच्या जाहिरातीत शिकारीचे चित्र असेल. आपल्या देशात त्या चित्राला अर्थ उरलेला नाही.

मग राहिल्या तीन : ठासणी, एकनळी आणि दुनळी.

ठासणीबद्दल म्हातारे मालक फार जिव्हाळ्याने बोलतात. तोंडाकडून दारू ओतायची, गजाने ठासायची, छर्रे घालायचे, मागे टोपी बसवायची. काडतुसासाठी तालुक्याला जायला नको. आवाज असा की अर्धे रान हालते, आणि राखणीत निम्मे काम आवाजच करतो. पण एक बार झाला की पुन्हा भरेपर्यंत डुक्कर शेजारच्या गावात पोचलेले असते. पावसात दारू ओलसर होते. काळ्या दारूची राख हवेतले पाणी ओढते. बार उडवून बंदूक तशीच खुंटीला लावली, तर आमच्या खाऱ्या हवेत नळी आतून खायला वेळ लागत नाही. त्याच दिवशी गरम पाण्याने धुवायची, कोरडी करायची, तेलाचे बोट फिरवायचे. हे ज्याला जमत नाही त्याने ठासणी घेऊ नये. दारू अंदाजाने वाढवून ठासणाऱ्याच्या हातात तर ती कधीच देऊ नये. फुटलेली नळी मालकाचीच बोटे नेते.

एकनळी १२ बोअर ही माझ्या मते आपल्या कामाची बंदूक. १२ बोअर म्हणजे काय, हे बरेच जण विचारतात. नळीत बसेल एवढ्या शिशाच्या गोल गोळ्या केल्या तर एका पौंडात बारा होतात, म्हणून १२ बोअर. काडतूस मागून घालायचे, ओले हात असले तरी चालते. काडतुसे आपल्या खडकीच्या सरकारी कारखान्यात होत आली आहेत. वजनाला हलकी, मोडायला दोनच भाग, आणि मुख्य म्हणजे तिच्यात एकच काडतूस असल्याने माणूस घाई करत नाही. दुनळीवाले म्हणतात की दुसरा बार हाताशी असलेला बरा, जखमी डुक्कर अंगावर आले तर? मुद्दा खोटा नाही. जखमी एकलगा कोणाला सोडत नाही. पण दुनळी जड, महाग, आणि पहिला बार झाल्यावर दुसऱ्या नळीत जिवंत काडतूस आहे हे विसरून घरी येणारे लोक असतात. रात्रभर जागलेल्या माणसाच्या डोक्याचा काय भरवसा?

काडतुसाचे एवढेच लक्षात ठेवा. बारीक छर्रा पाखरांसाठी. तो डुकराला मारत नाही, नुसता चिडवतो. एल.जी.सारखे मोठे, मोजके गोळे असलेले काडतूसही तीस-पस्तीस मीटरपलीकडे भरवशाचे नाही.

जुनी बंदूक विकत घेणार असाल, तर नळी उजेडाकडे धरून आत पाहा. खड्डे, काळे डाग, फुगवटा असेल तर दस्त्यावरचे नक्षीकाम बघू नका, परत द्या. नळीचा आणि दस्त्याचा सांधा खिळखिळा नको. चाप फार हलका नको. अंकावर बोट फिरवून बघा, परवान्यावरचा क्रमांक आणि बंदुकीवरचा क्रमांक अक्षर न अक्षर जुळला पाहिजे. एका अंकाच्या फरकासाठी माणसे कचेरीत वर्षभर फिरली आहेत. परवाना आता २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांचा असतो. त्याची तारीख बैलपोळ्यासारखी पाठ असू द्या. आणि परवान्यावर नाव नसलेल्या गड्याच्या हातात बंदूक देऊन तुम्ही घरी झोपू नका. काही झाले तर दोघेही आत जातील.

आता खरी गोम. बंदूक जवळ ठेवण्याचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. हे आमच्याकडेही निम्म्या लोकांना ठाऊक नाही. वन्यजीव कायद्याच्या ११ व्या कलमात उभ्या पिकाला धोका झालेल्या जनावराबद्दल लेखी परवानगी देण्याची सोय आहे, आणि महाराष्ट्र सरकारने २०१५ साली रोही आणि रानडुकरासाठी तिची पद्धत ठरवून दिली. अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे करायचा. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, गवाही आहे. पीक खाल्ले म्हणून त्यांना हात लावता येत नाही, नुकसानभरपाईचा अर्ज तेवढा करायचा. परवानगीने मारलेले डुक्करही सरकारच्या मालकीचे, ३९ वे कलम तसे म्हणते. म्हणजे पीक खाताना जनावर कोणाचेच नसते आणि मेल्यावर सरकारचे होते! तुम्ही हसता, पण मटणाच्या वाट्यावरून भांडण झाले की हेच कलम बाहेर येते.

एवढी कटकट नको, म्हणून कुंपणाच्या तारेत वीज सोडणारे आहेत. त्यांना माझे हात जोडून सांगणे आहे, ते करू नका. तार डुक्कर ओळखत नाही. पहाटे पाणी द्यायला गेलेला आपलाच मुलगा तिला चिकटतो.

आणखी एक अनुभव सांगतो, कारण तो तुमच्याही वाट्याला येईल. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायचे आदेश निघतात. विधानसभेची निवडणूक २००९, २०१४ आणि २०१९ साली ऑक्टोबरात झाली, २०२४ साली नोव्हेंबरात. आमचे भात तेव्हाच पिकते, तुमचा कापूस तेव्हाच फुटतो. ज्या महिन्यासाठी बंदूक घेतली, त्याच महिन्यात ती ठाण्याच्या कपाटात! मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००९ साली या सरसकट पद्धतीवर बोट ठेवले. छाननी समितीने एकेका परवानाधारकाचा विचार करावा, असे त्या निकालाने सांगितले. म्हणून आचारसंहितेची चाहूल लागताच गावातल्या सगळ्या परवानाधारकांनी मिळून लेखी अर्ज द्यावा : आमच्यावर गुन्हा नाही, पीक उभे आहे, पाहणी करा. सोबत सातबारा जोडावा, पूर्वीच्या नुकसानीचे पंचनामे जोडावेत. एकट्याचा अर्ज फाइलीत झोपतो, चाळीस जणांचा सहसा झोपत नाही.

आणि हे अर्ज दसऱ्याची वाट न पाहता श्रावणातच लिहून ठेवा. पंचनाम्याच्या नकला मिळायलाच महिना जातो.