मूल नापास होते, ते कधी?

(शिक्षक-पालक मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे सोळावे कलम १ एप्रिल २०१० पासून लागू झाले आणि आठवीपर्यंत कोणत्याही मुलास त्याच वर्गात ठेवणे बंद झाले. हेतू चांगला होता. नापासाचा शिक्का बसलेले मूल, विशेषतः मुलगी, पुष्कळदा शाळेलाच अंतरते. परंतु त्याच कायद्यात सातत्यपूर्ण मूल्यमापनाचीही तरतूद होती. आपण ‘परीक्षा नाही’ एवढेच ऐकले आणि मूल्यमापन नोंदवहीत राहिले! २०१९ मध्ये संसदेने हे कलम बदलले. त्यानुसार महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षेचा निर्णय घेतला. अनुत्तीर्णांसाठी जादा मार्गदर्शन, निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षा, तेथेही अपयश आले तर पुन्हा तोच वर्ग.

अनेक पालकांना याचे समाधान वाटले. धाक हवाच, असे ते म्हणतात. धाकाने मूल पुस्तक उघडून बसेल. पण अक्षर लागत नसेल तर बसून काय करणार?

पाचवीत अडलेले मूल बहुधा तिसरीतच मागे पडलेले असते. दुसरीपर्यंत मूल वाचायला शिकते. तिसरीपासून वाचून शिकायचे असते. ज्याला जोडाक्षर वाचता येत नाही, त्याला परिसर अभ्यासही येत नाही आणि गणितातले शाब्दिक उदाहरणही. हातच्याची वजाबाकी कळली नाही की भागाकार अडतो. अशा मुलास पाचवीचेच पुस्तक पुन्हा दिले तर त्याची तिसरी कशी भरून निघणार?

आणि बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची मुले? दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात, गाळप संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. आईवडिलांबरोबर गेलेल्या मुलाचे जवळजवळ अर्धे वर्ष उसाच्या फडात जाते. त्याला नापास म्हणताना आपली जीभ अडखळावी. गावात हंगामी वसतिगृह नीट चालले, किंवा आजी-आजोबांपाशी त्याची सोय झाली, तर त्याची शाळा सुटत नाही.

फेरपरीक्षेपूर्वीचे दिवस उन्हाळी सुटीचे असतात. तेव्हा शिकवणार कोण? निवृत्त शिक्षक आहेत, महाविद्यालयीन तरुण आहेत. रोज तासभर चार-पाच मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यायचे, एवढे काम आहे. त्यासाठी निकालाची वाट पाहू नये. मुख्याध्यापकांना भेटून तिसरी ते पाचवीतील अडखळत वाचणाऱ्या मुलांची यादी करावी. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी मात्र टोळ्या निघण्यापूर्वी, दसऱ्याच्या आत तयार हवी.