मोटर कुठे बसवायची?



संयोजकांनी सांगितलं होतं, सॉफ्टवेअरबद्दल बोल. ते तुम्ही रोज फोनवर सोसताच. मी बाबांच्या मोटारसायकलबद्दल बोलते.

बाबा ७४ वर्षांचे आहेत. घर वर, काजूची बाग खाली. परतीचा चढ आता पायी झेपत नाही आणि संधिवातामुळे डाव्या हाताने क्लच दाबवत नाही. बागेत जाणं सोडा, असं त्यांना सांगायची आमच्या घरात कोणाची छाती नाही. तयार इलेक्ट्रिक स्कूटरची लहान चाकं त्या जांभ्याच्या वाटेवर आपटत राहतात. म्हणून त्यांच्याच जुन्या १०० सीसी गाडीचं इंजिन काढून मोटर बसवायचं ठरलं. असा बदल आपल्या मनाने करून गाडी सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही, हे आधीच सांगते. ही फक्त आमच्या खासगी वाटेवर चालते.

बॅटरीचं लवकर ठरलं. वाद झाला तो मोटरची ताकद चाकापर्यंत न्यायची कशी, यावर. वाद माझा आणि आपल्या वर्गातल्या गॅरेजवाल्या मित्राचा.

जुना गिअरबॉक्स ठेवता आला असता, पण मग क्लचही राहिला असता. इलेक्ट्रिक मोटर शून्य वेगापासूनच जोर देते, त्यामुळे त्याची गरजही नव्हती. तो पर्याय तिथेच संपला.

माझी पसंती हब मोटरला होती, म्हणजे मागच्या चाकातच बसवलेली मोटर. टीव्हीएस आयक्यूबमध्ये तशीच आहे. चेन नाही, तेल नाही, आवाज नाही. मित्र म्हणाला, "चढाचं गणित कर, मग बोल."

केलं. गाडी आणि बाबा मिळून १७५ किलो. १०० मीटरला १० मीटर चढ धरला, तर चाकाला साधारण ६० न्यूटन-मीटर पीळ लागतो. हब मोटरला तो सगळा स्वतःच, तोही हळूहळू फिरताना द्यावा लागतो. पीळ दुप्पट मागितला की करंट दुप्पट आणि तारांमधली उष्णता चौपट. सपाट शहरात प्रश्न नाही. आमच्या चढावर मात्र मोटर तापत राहणार. शिवाय तिचं वजन चाकातच, म्हणजे प्रत्येक दगडाचा धक्का जड. आणि पंक्चर काढताना मोटरच्या वायरी सांभाळायच्या!

मोटर फ्रेममध्ये बसवली, पुढे ११ दात्यांचं आणि मागे ६० दात्यांचं स्प्रॉकेट लावलं, तर तेच काम मोटरकडे ११ न्यूटन-मीटरवर येतं. मोटर ३००० फेऱ्यांवर असताना वेग ताशी ६० किलोमीटरच्या आसपास जातो. बाबांना २५ पुरे. ती मर्यादा मी कंट्रोलरमध्ये घातली. (सॉफ्टवेअर आलंच शेवटी.)

बेल्टही शांत असतो. एथर ४५० मध्ये आहे. पण बेल्टला दोन्ही पुली अगदी एका रेषेत लागतात, पुलीत खडा अडकला तर दाते खराब होतात, आणि तुटला तर जागेवर जोडता येत नाही. चेनची कडी मित्र डोळे मिटून जोडतो. चेन ठरली. पुढचं स्प्रॉकेट मागच्या चिमट्याच्या बिजागरीजवळ आणायचा आग्रहही त्याचाच, म्हणजे गाडी उसळली तरी चेनचा ताण फारसा बदलत नाही. नवी ब्रॅकेट त्याने तीनदा कापली. पैसे घेतले नाहीत, काजूगर घेतले.

उतरताना मोटर उलट वीज बनवते आणि गाडीला रोखते. पण सकाळी बॅटरी काठोकाठ भरलेली असेल, तर ती वीज घ्यायला जागाच नसते आणि ते रोखणंही मिळत नाही. आमचा तर दिवसच उताराने सुरू होतो. म्हणून चार्जिंग ९० टक्क्यांवर थांबतं आणि दोन्ही ब्रेकचे लायनर नवे घातलेत. दर रविवारी मित्र ते तपासायला येतो. बाबा त्याला चहा देतात आणि वेगमर्यादा ३० करून मागतात. अजून केलेली नाही.