हिवाळ्यातली गोशाळा

सातपुड्यात डाब गावाकडे थंडी वाढली की दवबिंदू गोठतात. खाली नंदुरबारकडेही पहाट बोचतेच. अवैध वाहतुकीतून सोडवून गोशाळेत आणलेली जनावरं तर आधीच हाडकलेली. अंगावर चरबी नाही, मग ऊब कुठून येणार? ती येते पोटातून. ज्वारीचा कडबा कोठीपोटात आंबताना उष्णता तयार होते, म्हणून संध्याकाळची वैरण जरा सढळ हातानं टाकावी. खाली कोरडं पाचट, म्हाताऱ्या गाईच्या पाठीवर गोणपाट. दवानं भिजलेला गोणपाट मात्र नसलेला बरा! वाऱ्याच्या बाजूला तरटाचे पडदे लावा, पण वरून हवा खेळू द्या. गच्च बंद गोठ्यात मूत्राच्या उग्र वाफेनं खोकला लागतो. आणि पाणी हौदातलं गारठलेलं नको. विहिरीचं ताजं उपसलेलं पाणी पहाटे कोमटच असतं.